लालकाकांची बडीशेप

लालकाका जेवणानंतर कधीही बडीशेप खात नसत. बारसं असो, लग्न असो, वास्तुशांत असो. पंगत उठली की सगळे बडीशेपेच्या ताटलीवर तुटून पडायचे आणि काका हात मागे बांधून बाजूला उभे राहायचे. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "नको भाऊ. आमच्यासारख्यानं बडीशेप खाल्ली की लोक म्हणतात, बघा, कायतरी झाकतोय." लवंग नाही, वेलदोडा नाही, पान तर नाहीच. टूथपेस्टसुद्धा त्यांना वासाची चालत नसे. माझ्या औषधांच्या दुकानातून ते साधं पांढरं दंतमंजन न्यायचे, आणि डबी उघडून आधी हुंगून बघायचे.

कारण त्यांचा चेहरा. नाक, दोन्ही गाल, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग, एवढं सगळं कायम लाल. सावळ्या रंगावरचा तो लालपणा विटेकडे झुकलेला असायचा. उन्हात गेले, गरम काही प्यायले, कोणी चारचौघांत बोललं, की तो लालपणा पेटायचा आणि तास-दोन तास उतरायचा नाही. मधूनच बारीक पुटकुळ्या उठायच्या. असा चेहरा बघितला की आपल्याकडे माणूस दुसरा विचारच करत नाही. नजर एकदा चेहऱ्यावर जाते, मग हाताकडे, हात थरथरतोय का ते बघायला. काकांनी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलं नव्हतं. त्यांचे वडील दारूपायी गेले होते, आणि त्या दिवसापासून त्या वासाचीसुद्धा त्यांना शिसारी होती.

आणि धंदा कोणता, तर शाळेची व्हॅन चालवण्याचा. नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीतून चौदा पोरं गोळा करायची आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला शाळेत सोडायची. माझी सई छोट्या गटापासून त्यांच्याच व्हॅनमध्ये, खिडकीजवळच्या ठरलेल्या जागेवर. लालकाका हे नाव पोरांनीच ठेवलेलं. त्यात काही वाकडं नव्हतं. पोरांच्या लेखी आकाश निळं, झाडं हिरवी आणि काका लाल.

सकाळी व्हॅन दारात आली की काका आधी खाली उतरायचे. पोराचं दप्तर घेण्याआधी आईसमोर किंवा बापासमोर उभे राहायचे, थोडं वाकायचे आणि तोंड उघडून जोरात श्वास सोडायचे, "हाऽऽ." मग म्हणायचे, "घ्या ताई, वास घ्या. मग पोरगं द्या." नवे पालक दचकून मागे सरायचे. जुने हसायचे. काकाही हसायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायचे, "रंग देवाचा, वास माझा."

मीही हसायचो. काका विनोदी आहेत, असं मी बायकोला सांगायचो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रोज सकाळी चौदा दारांपुढे तोंड उघडून उभं राहावं लागतं यात विनोद कुठे होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पोरं शाळेत सोडली की साडेआठच्या सुमाराला ते माझ्या मेडिकलवर येऊन बसत. शेजारच्या टपरीवरून चहा यायचा. मी दोन घोटांत संपवायचो. त्यांचा कप काउंटरवर तसाच, वर साय धरेपर्यंत. "गरम चहा म्हणजे माझ्या तोंडाला पेट्रोल," ते म्हणायचे. नाशकात राहून मिसळ न खाणारा माणूस मी तो एकच पाहिला. रविवारी आम्ही चार मित्र मिसळीला जायचो तेव्हा काका सोबत यायचे, रस्सा बाजूला सारून नुसती मटकी दह्यात कालवायचे आणि आमच्या वाट्यांकडे बघत म्हणायचे, "खा, खा. मी वासावर भागवतो."

एकदा द्वारका चौकात पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. काकांचा चेहरा बघताच हवालदाराने ना कागद मागितले ना लायसन, थेट फुंकायचं यंत्र पुढे केलं. काकांनी फुंकलं. आकडा शून्य. हवालदाराला खरं वाटेना, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. काका त्याला म्हणाले, "साहेब, अजून एकदा फुंकू का? बरं वाटतंय." दुकानात येऊन हे सांगताना त्यांचा आनंद मावत नव्हता. "भाऊ, मशीनला डोळे नसतात, म्हणून ते खरं बोलतं. माणसांना फुंकून काय उपयोग?" असं एखादं यंत्र माझ्याकडे विकायला येतं का, हेही त्यांनी विचारून घेतलं.

आता माझ्या भागाकडे येतो. हे टाळून काकांविषयी लिहिता आलं असतं तर मी टाळलं असतं.

त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी नवे पालक व्हॅन ठरवायला फिरत होते. एक बाई आपल्या लहानग्याला घेऊन काकांच्या गाडीशी आली, काकांकडे बघितलं आणि मुलाचा हात ओढून म्हणाली, "चल, दुसरी बघू." काका दुकानात आले ते खाली मान घालून स्टुलावर बसले. चहा आला, गार झाला. मग म्हणाले, "वास घ्यायलासुद्धा थांबली नाय ती. निदान थांबायला तर पाहिजे ना माणसानं?" थोड्या वेळाने हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं एवढी औषधं हायेत. माझ्या तोंडासाठी कायच नाय का?"

आम्ही मेडिकलवाले म्हणजे स्वतःच्या मते अर्धे डॉक्टर. कॉलनीत कोणालाही मुरूम आला, डाग पडला, खाज सुटली, लग्नाआधी मुलीला उजळायचं असलं, की आम्ही काउंटरखालून एक ठरावीक ट्यूब काढायचो. चिठ्ठी कोण मागतो? त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या कागदाशिवाय देऊ नये, असं तिच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही मी शेकडो वेळा वाचलं होतं. तरी मी ती काढली आणि वर ऐटीत म्हणालो, "काका, आठ दिवस लावा आणि मग मला सांगा."

आठ दिवसांत चेहरा निवळला. इतका, की काका दुकानाच्या आरशासमोर उभे राहिले आणि बोट लावून लावून स्वतःचे गाल बघत राहिले. त्या वर्षी प्रथमच ते वास द्यायला जवळ न जाता लोकांशी हातभर अंतर ठेवून बोलायला लागले. सकाळचं "हाऽऽ" बंद झालं. पोरांनी तक्रार केली की काका आता लाल राहिले नाहीत, नाव बदलायला हवं. गावाहून, नामपूरहून, त्यांनी माझ्यासाठी डाळिंबांची पेटी आणली आणि भर दुकानात मला मिठी मारली. मी ती डाळिंबं शेजाऱ्यांना वाटली आणि प्रत्येकाला सांगितलं, कसली आहेत ते. बडीशेप मात्र त्यांनी तेव्हाही खाल्ली नाही. "अजून भरवसा नाय," म्हणाले.

दीड वर्ष मी त्यांना ती ट्यूब देत राहिलो. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकचकीत झाली होती. तिच्याखाली लाल दोरे दिसायला लागले होते. मला दिसत होतं. दिसत असताना मी खण उघडायचो आणि ट्यूब काढून द्यायचो, कारण लावली की ते शांत व्हायचे, आणि दोन दिवस राहून गेली की तोंडाची आग आग व्हायची. पुढे पुढे तर लावूनही भागेना. पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, नाकाचा शेंडा सुजला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. सकाळचं "हाऽऽ" पुन्हा सुरू झालं, पण आता कोणी हसत नव्हतं.

शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, खाण्यापिण्याचं, उन्हाचं, जुन्या सगळ्या त्रासाचं विचारलं आणि म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. चिवट आजार आहे. न पिणाऱ्यालाही होतो, लहानसहान कारणाने भडकतो. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. फक्त तुमच्या चेहऱ्यावर कोणीतरी स्टिरॉइडचा मारा केलाय. ही ट्यूब कोणी दिली तुम्हाला?"

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. माझे कान तापले. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "गावाकडं एकानं दिली, बाई. नाव ठाव नाय."

रोज सकाळी चौदा दारांपुढे खरेपणा सिद्ध करणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी गप्प बसून ते खोटं वापरलं.

बाईंनी ट्यूब बंद करायला सांगितली. लावायला जेल, पोटात घ्यायला गोळ्या, उन्हाचं मलम, डोक्याला टोपी. "पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "बंद केल्यावर तीन-चार महिने चेहरा आत्ता आहे त्याहून वाईट दिसेल. मग उतरायला लागेल. धीर धरा." काका म्हणाले, "धीर माझ्याकडं लय हाय, बाई. पोरांच्या आईबापांकडं नाय." मग जरा घुटमळले आणि विचारलं, "मी पीत नाय, असं कागदावर लिहून देता का?" बाई हसल्या. तसं लिहिता येत नाही म्हणाल्या, पण आजाराचं नाव त्यांनी मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं.

काकांनी त्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि व्हॅनमध्ये पुढच्या काचेजवळ, सप्तशृंगीच्या फोटोखाली टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवायचे, "बघा, डॉक्टरचा कागद हाय. रोग हाय मला, रोग." रोग असल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्याच कागदाने त्यांचा घात केला. बाईंनी सांगितलं होतं तसा चेहरा फुलत गेला. डोळे तांबडे, गालांवर खपल्या. एका पालकाने लॅमिनेट केलेल्या कागदाचा फोटो काढला, ते नाव मोबाईलवर शोधलं आणि पालकांच्या ग्रुपवर एक यादी टाकली. हा आजार कशाकशाने भडकतो त्याची यादी. ऊन, वारा, गरम चहा, तिखट, काळजी, आणि दारू. त्याने दारूभोवती लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, "गाडीत स्वतःच लावून ठेवलंय बघा." काळजीभोवती कोणी गोल काढला नाही.

मग एकामागून एक येत गेलं. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आपण कोणावर आरोप करत नाही, पण रिस्क कशाला? मी एक लांबलचक मजकूर लिहिला. काका पीत नाहीत, मी त्यांना दहा वर्षं ओळखतो, डॉक्टरांकडे मी स्वतः सोबत गेलो होतो. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. मग डोक्यात आलं, कोणीतरी विचारणारच, पीत नाहीत तर दीड वर्षात चेहऱ्याचं हे असं कशाने झालं? आणि त्याचं उत्तर माझ्या दुकानाच्या खणात होतं. मी एक एक शब्द खोडला. बायको शेजारी बसून बघत होती. "पाठव ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "जरा शांत होऊ दे सगळं." सोमवारपासून पोरं काकांच्या व्हॅनने पाठवायची नाहीत, असं ठरलं आणि ग्रुपवर सगळ्यांनी होकाराचे अंगठे दाखवले. मी दाखवला नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

सोमवारी सकाळी मी सईला म्हणालो, "आज मीच सोडतो." बाकीची पोरं नसताना तिला एकटीला कसं पाठवू, असं मी स्वतःला समजावलं होतं. गाडी काढतोय तोवर व्हॅन दारात आली. रिकामी. तेरा दारं बंद बघून काका चौदाव्या दाराशी आले होते. चेहऱ्याला पंचा गुंडाळलेला. तो त्यांनी सोडला, माझ्यासमोर उभे राहिले, थोडं वाकले, आणि "हाऽऽ" केलं.

मला. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला.

मी मान वळवली. "उशीर होतोय, काका," म्हणालो, आणि गाडीला किक मारली. सई मागे वळून हात हलवत होती, हे मला आरशात दिसत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी ते दुकानात आले. व्हॅन विकली होती, नामपूरला भावाकडे जाणार होते. स्टुलावर बसले नाहीत. खिशातून अर्धी पिळलेली ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "ही राहिली होती. उकिरड्यावर टाकली तर कोणाच्या तरी हाताला लागंल." मी विचारलं, "काका, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही?" ते म्हणाले, "माझं वाईट करायला थोडीच दिली होती तुम्ही? माझा चेहरा गेला तो गेला. तुमचा कशाला घालवू?" चहा सांगू का म्हटलं, तर म्हणाले, "गार होईपर्यंत थांबायला येळ नाय, भाऊ."

त्यानंतर मी ती ट्यूब ठेवणं बंद केलं. गिऱ्हाईक येतं, मी नाही म्हणतो, ते समोरच्या दुकानात जातं आणि तीच घेऊन माझ्यासमोरून निघून जातं. काही फरक पडलेला नाही. फक्त माझा खण रिकामा आहे.

सई आता आठवीत आहे. गेल्या दिवाळीत तिने विचारलं, "बाबा, लालकाका खरंच प्यायचे?" मी म्हणालो, "नाही गं, कधीच नाही." ती म्हणाली, "मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?" बायको स्वयंपाकघरात होती. तिकडची भांडी वाजायची थांबली. दुसऱ्या दिवशी सटाण्याची बस धरली आणि तिथून जीपने नामपूरला गेलो. सोबत डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं ते जेल आणि उन्हाचं मलम होतं. ते देऊन नक्की काय होणार होतं, मला माहीत नव्हतं.

कांद्याच्या मार्केटपासून जवळच काकांच्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या बाजूला, ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात काका बसले होते. नाक फुगून गाठीगाठीचं झालेलं. डोळ्यांच्या कडा लाल. हातात काहीतरी धरून ते तोंडावर वारा घेत होते. जवळ गेल्यावर दिसलं, तो लॅमिनेट केलेला कागद होता. "या भाऊ, बरं शे ना?" म्हणाले. एवढंच. गावाकडची बोली त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली.

मी पिशवी पुढे केली. "बाईंचं औषध चालू ठेवलं नाही का, काका?"

"चार महिने लावलं की," ते म्हणाले. "उतरत होतं, भाऊ. बाई बोलल्या तसंच. चांगलं निम्म्यावर आलं होतं." वारा घेणारा हात थांबला. "पण मग मनात आलं, आता बघायचं कोणी? सोडून दिलं."

मी सांगायला गेलो होतो की चूक माझी होती, ग्रुपवर मी बोलायला हवं होतं, त्या सकाळी मान वळवायला नको होती. तोंड उघडलं, तेवढ्यात काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "जेवाले बठा आधी." आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. बसलो. भाकरी होती, वांग्याची भाजी होती. काका तिखट तसंच खात होते, रस्सा बाजूला न सारता. घास घेता घेता चेहरा पेटत गेला, कपाळापासून मानेपर्यंत, आणि ते जेवत राहिले. पिशवी तिथेच भिंतीशी पडलेली होती.

जेवणं झाली. काकूंनी वाटीतून बडीशेप आणून मध्ये ठेवली. काकांनी हात पुढे केला, चांगली मूठभर उचलली आणि तोंडात टाकली. मी बघतच राहिलो. माझ्या बघण्याचा अर्थ त्यांना कळला असावा. चावता चावता म्हणाले, "खातो आता. इथं कोणाला वास द्यायचाय?"

मग त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मी चिमूटभर घेतली. ती तोंडात नुसती फिरत राहिली.